आठ बसतात, एक धावते: आमच्या शाळेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

बडोदे, जूनचा पहिला आठवडा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव या पत्रात लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्या शाळेत मी दहा वर्षं शिकले आणि जिथे आज माझी मुलगी आठवीत आहे, तिचं नाव चव्हाट्यावर आणायची मला हौस नाही. पत्र उघडं लिहायची वेळ आली, कारण बंद पाकिटातून दिलेल्या दोन अर्जांना उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जाची पोच मागितली, तर ऑफिसातल्या बेन म्हणाल्या, "वेकेशन पछी आवजो." म्हणजे सुट्टीनंतर या. वेकेशन आता संपत आलं.

वेकेशन लागायच्या आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर आपलं परिपत्रक आलं. नव्या वर्षापासून खो-खो आणि कबड्डीचे संघ बंद. मागच्या मैदानाच्या एका बाजूला नवी इमारत, उरलेल्या भागात पार्किंग. मुलांसाठी गच्चीवर स्केटिंग आणि बुद्धिबळाचे वर्ग. शिवाय दर शनिवारी नेतृत्वगुण आणि संघभावना यांचा एक कोर्स, त्याची फी वेगळी. परिपत्रकाच्या शेवटी फुलांचा गुच्छ होता. बहुतेक पालकांनी खाली अंगठा टाकला. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा होतो, पण ते असो.

संघ बंद करून संघभावनेचा कोर्स काढायचा, ही कल्पना कोणाची हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

या प्रकरणात माझा जीव दोन ठिकाणी अडकलेला आहे. १९९२ साली मी याच शाळेतून दहावी झाले, आणि त्याआधी चार वर्षं खो-खोच्या संघात होते. आता माझी मुलगी त्या संघात आहे. ती बारावी आहे. इयत्ता नव्हे, खेळाडू. नऊ जणी मैदानात, तीन राखीव, त्या तिघींतली ही शेवटची. दोन वर्षांत तिला एकाही अधिकृत सामन्यात उतरवलेलं नाही. तेव्हा मुलीचं पदक बुडतंय म्हणून आई ओरडतेय असा समज करून घेऊ नका. बुडायला पदकच नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा खेळ खुर्चीवरून पाहिला असेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बघणाऱ्याला खो-खो म्हणजे पळापळी वाटते. पण आक्रमणाच्या पाळीत मैदानात असलेल्या नऊ जणींपैकी आठ बसलेल्या असतात. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. उकिडवं बसायचं, भार चवड्यांवर, बोटं मातीला टेकलेली. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. पळणारी कुठवर आली ते पावलांच्या आवाजावरून आणि धापेवरून ओळखायचं. पाठीवर थाप आणि कानात 'खो' एकदम आला की उठायचं. त्याआधी उठलात तर फाउल. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत वळायचं नाही, बसलेल्यांची ओळ ओलांडून पलीकडे जायचं नाही. पळणारीला मात्र सगळं मोकळं. ती दोघींच्या मधून सुळकन इकडची तिकडे होते आणि तुम्ही बघत राहता.

सगळी बंधनं पकडणारीवर असल्यामुळे एकटीच्या पळण्यानं सहसा कोणी बाद होत नाही. पळणारी हाताबाहेर चालली की तिच्याजवळ जी बसलीय तिला उठवायचं आणि स्वतः तिच्या जागेवर बसायचं. ऐन रंगात आलेली असताना, धाप लागलेली असताना, दोन पावलांवर ती दिसत असताना बसायचं. ज्या मुलीला पळायची फार हौस असते तिला हे सहा-सहा महिने जमत नाही. मला जमत नव्हतं. मी पळतच सुटायचे आणि खांबापाशी पोचेपर्यंत समोरची तिसऱ्याच टोकाला असायची.

मला बसायला शिकवलं माझ्या दोन वर्षं पुढे असलेल्या एका ताईंनी. "जागा घेताना जीव जातो का गं तुझा?" असं त्या अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायच्या. त्या ताई आज आपल्या मंडळावर आहेत, परिपत्रकाखाली त्यांचंही नाव आहे. ताई, रागावू नका. तुम्ही ते न वाचता सही केली असेल असं मी धरून चालते.

आता माझी एक कबुली. १९९१ची आंतरशालेय स्पर्धा, अंतिम सामना. शेवटच्या पाळीत मिनिटभर उरलं होतं, एक बाद केली की बरोबरी. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं पळणारीला अगदी माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. आता खो मलाच येणार हे मला कळलं, आणि कळलं म्हणूनच मी आधी उठले. शिट्टी. पंचांनी उलट दिशा दाखवली. आमची मुलगी वळेपर्यंत पळणारी दुसऱ्या खांबाशी. सामना गेला.

ती शेजारीण माझी जिवलग होती. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. रिसेसमध्ये डबा उचलून दुसऱ्या बाकावर जायची. पण सराव चालू होता, आणि सरांनी बसण्याचा क्रम बदलला नाही. तिची जागा माझ्या शेजारीच. ती बोलत नव्हती, पण खो देत होती. थाप जरा जोरात पडायची, एवढंच. नवव्या दिवशी शेव-उसळीच्या गाडीवर तिनं न विचारता माझ्या वाटीत तरी ओतली आणि म्हणाली, "आता तरी उठू नकोस." माफी तिनंही मागितली नाही, मीही नाही. सरांनी क्रम मुद्दाम तसाच ठेवला होता की त्यांच्या ते डोक्यातच आलं नाही, हे विचारायचं राहून गेलं. सर आता नाहीत.

मी गेली सव्वीस वर्षं नर्स आहे. खो-खोमुळे मी चांगली नर्स झाले असलं काही मी सांगणार नाही. माझ्या पाहण्यातल्या उत्तम नर्सांपैकी बहुतेक जणी कधी काही खेळलेल्या नाहीत. पण जिच्याशी पटत नाही, जिचं तोंड पाहावंसं वाटत नाही, तिच्याकडून सकाळी आठला वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची माहिती नीट घ्यायची आणि रात्री तिलाच नीट द्यायची, याचं मला कधी ओझं वाटलं नाही. हे मी कुठल्या वर्गात शिकले असं विचारलं तर मला ते आठ दिवस आठवतात.

आता परिपत्रकातली कारणं एकेक करून घेते.

पहिलं कारण लाभार्थींचं. शाळेत एवढी मुलं असताना बारा-बारा जणांच्या संघासाठी मैदान अडवून ठेवणं परवडत नाही, असं आपण म्हणता. हिशोब चुकला आहे. संघात बारा असतात, पण सरावाला तीस-पस्तीस मुली येतात. त्याशिवाय दोन बाजू होणार कशा? आणि ज्या बारा निवडल्या जातात त्यांतल्या बाराव्या मुलीला काय मिळतं ते मला घरात दिसतं. पहिलं वर्ष रडण्यात गेलं. "मला घेत नाहीत तर मी जाऊ कशाला?" मी तिला काही समजावलं नाही. मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हतं, मी कधी राखीव नव्हते. मग गेल्या वर्षी केव्हातरी तिनं एक शंभर पानी वही घेतली. समोरच्या संघाच्या तुकड्या त्यात लिहायची. पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात, त्यांचा क्रम आधी ठरलेला असतो. कोण साखळी करत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळते, कोण खांबाजवळ घोटाळते, कोण दमली की डावीकडेच वळते. एका सामन्यात मध्यंतरात तिनं कप्तान मुलीला सांगितलं की त्यांची दुसऱ्या तुकडीतली उंच मुलगी हूल देताना आधी खांदा पाडते. कप्तानानं ऐकलं. दुसऱ्या डावात ती उंच मुलगी लवकर बाद झाली. धावफलकावर याची नोंद कुठेच नाही. घरी येऊन ही जेवताना दोन पोळ्या जास्त जेवली, एवढीच काय ती नोंद. आपण आतल्या माहितीची, निरीक्षणाची, दुसऱ्याच्या यशात आपला वाटा ओळखण्याची जी काही इंग्रजी नावं त्या शनिवारच्या कोर्सच्या पत्रकात छापली आहेत, ती मी वाचली. त्या वहीत ती सगळी पेन्सिलीनं लिहिलेली आहेत, फक्त नावं नाहीत.

दुसरं कारण, वैयक्तिक खेळांत शाळेला पदकं लवकर मिळतात. मिळत असतील. स्केटिंगला माझा विरोध नाही, बुद्धिबळाला तर नाहीच. माझा भाचा बुद्धिबळ खेळतो आणि हरला की तासभर खोलीतून बाहेर येत नाही. त्याचं हरणं त्याचं आहे, त्यात दुसऱ्या कोणाचं बोट नाही. संघात तसं नसतं. तिथे तुम्ही उत्तम खेळूनही दुसरीच्या चुकीनं हरता, आणि कधी तुमच्या चुकीनं अकरा जणी हरतात. दोन्ही गोष्टी सोसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मातीत बसायचं. हे बुद्धिबळाच्या पटावर शिकवता येणार नाही, ती काही बुद्धिबळाची चूक नव्हे. म्हणून एकाच्या जागी दुसरं ठेवून चालत नाही.

आणि पदकांचंच बोलायचं तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० आणि मुलांनी ५४-३६ असं हरवलं. मुलींच्या त्या संघात आपल्या डांगची ओपिना भिलार होती. डांगचीच सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची, मग धावण्याकडे वळली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिलेत सुवर्णपदक घेऊन आली. रिलेत, हे लक्षात घ्या. पण हे आकडे पुढे करताना मला जरा ओशाळल्यासारखं होतं. आमच्या तीस-पस्तीस मुलींतली एकही तिथवर जाणार नाही असं धरूनच मी हे पत्र लिहिते आहे.

तिसरं, दुखापती. यावर नर्स म्हणून बोलते. गुडघे फुटतात, कोपरं सोलतात, खांबाकडे सूर मारताना हनुवटी फुटलेली मी पाहिली आहे आणि शिवलेलीही. घोटा मुरगळतो. गुडघ्याच्या आतल्या दुखापती तर मी अजिबात हलक्यात घेत नाही. पण आपल्या मैदानाची माती शेवटची कधी चाळली? आमच्या वेळी शिपाईकाका दुपारी चारला पाणी मारायचे, खडे वेचायला आम्ही सगळ्या ओळीनं बसायचो. गेली काही वर्षं तिथे पाणी नाही, वर बांधकामाची खडी येऊन पडली. आधी मैदान खराब होऊ द्यायचं आणि मग मैदान खराब आहे म्हणून खेळ बंद करायचा, याला आमच्या वॉर्डात वेगळं नाव आहे, ते इथे लिहीत नाही. गच्चीवर लादीवरून स्केटिंग करताना पडलं तर काय होतं तेही मी पाहिलं आहे.

चौथं, अभ्यासाचं. संध्याकाळचा दीड तास. त्यावर मी शब्द वाया घालवत नाही. ज्या मुलींचे मार्क कमी आहेत त्यांत संघातल्या किती, हे आपण एकदा नावं न घेता सांगा, मग बोलू.

पाचवं, ज्यांना खेळायचंच आहे त्यांनी समाच्या किंवा मांजलपूरच्या क्रीडासंकुलात जावं. संकुलं चांगली आहेत, त्यात वाद नाही. पण जुन्या शहरातून तेरा वर्षांच्या मुलीला रोज संध्याकाळी तिथे नेणार कोण आणि अंधार पडल्यावर आणणार कोण? ज्यांच्या घरी दोन गाड्या आणि मोकळी आजी आहे त्या जातील. बाकीच्यांचा खेळ सुटेल. तसाही नववीत गेल्या की मुलींचा खेळ सुटतोच. कोणाच्या बाबांना चड्डी आवडत नाही, कोणाला ट्यूशन, कोणाला पाळी सुरू झाल्यावर घरातून कारणं. शाळेच्या आवारात, शाळेच्या नावावर, शाळेच्या वेळेला लागून खेळ असेल तरच या मुली टिकतात. माझे वडील मला खेळू द्यायचे ते केवळ "शाळेतच आहे ना" या तीन शब्दांवर.

परिपत्रकात नसलेली एक गोष्टही बोलून टाकते. आपलं शहर वस्त्यांत विभागलं गेलं आहे. कोणाचं घर कोणाला विकायचं यालासुद्धा अशांत धारा आहे, म्हणजे ठरावीक भागांत घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते असा कायदा. आमच्या सोसायटीत सगळे आमच्यासारखे, पलीकडच्या पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, सगळे त्यांच्यासारखे. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले, आमच्या मुली गुजराती आणि इंग्रजी माध्यमात गेल्या, तिथेही बाकावर आपापल्या ओळखीतल्याच बसतात. खो-खोच्या पाटीवर, म्हणजे बसायच्या पट्ट्यावर, मात्र सरांनी जिथे बसवलं तिथे बसावं लागतं. माझ्या मुलीच्या एका बाजूला डभोई रोडची मराठा, दुसऱ्या बाजूला याकूतपुऱ्याची. ईदच्या आदल्या दिवशी कोण सरावाला येणार नाही आणि गणपतीत कोण, हे त्यांना पाठ असतं, कारण त्यावर क्रम ठरतो. प्रेमबीम नाही, व्यवहार आहे. शहरात दुसरीकडे कुठे तेरा वर्षांच्या मुलींचा एवढाही व्यवहार उरला आहे, ते मला दाखवा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा अकोट्याकडे राहणाऱ्या एका मुलीचं तळमजल्याचं घर कमरेपर्यंत भरलं होतं. पाणी ओसरल्यावर संघातल्या सात-आठ जणी चिखल उपसायला गेल्या. भिजलेल्या गाद्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत जिन्यानं गच्चीवर पोचवल्या. कोणी मोठ्यानं सांगितलं नव्हतं. खेळानं त्यांच्यात सेवाभाव जागवला वगैरे लिहायचा मोह मी आवरते. माझ्या मते कारण साधं होतं. त्यांच्याकडे एकमेकींचे नंबर होते, घर माहीत होतं, आणि गादी ओली किती जड होते ते माहीत नव्हतं.

इथे माझी बाजू लंगडी करणारी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर आपण म्हणाल की ही बाई खेळाची आरती ओवाळते. संघ आपोआप काही चांगलं शिकवत नाही. संघात मोठ्या मुली लहानांकडून पाण्याच्या बाटल्या उचलून घेतात. टोळी होते. नवीन मुलीला मुद्दाम उशिरा खो देऊन रडवलेलं मी पाहिलं आहे, त्यात एकदा मीही होते. बाहेरच्या एका स्पर्धेत, पंचाची पाठ असताना कसं सरकायचं हे एक प्रशिक्षक दहा वर्षांच्या पोरांना शिकवत होते, आणि पोरं ते फार मन लावून शिकत होती. मुलं मैदानावर जे चालतं ते शिकतात. काय चालू द्यायचं ते तिथे उभा असलेला माणूस ठरवतो. आमच्या सरांचा एक नियम होता. सरावाला पंच नसायचा, हात लागला की पळणारीनं स्वतः हात वर करायचा. भांडणं व्हायची, "लागला", "नाही लागला", कधी दहा-दहा मिनिटं खेळ बंद. सर लांब बाभळीखाली उभे राहायचे, मधे पडायचे नाहीत. घड्याळ मात्र थांबवायचे नाहीत. दहा मिनिटं गेली ती गेली. दोन महिन्यांत भांडणं अर्ध्या मिनिटावर आली. सर निवृत्त झाल्यावर आपण पूर्ण वेळचा शिक्षक भरला नाही. वर्ष-वर्षाच्या करारावर तीन जण आले आणि गेले. आजचे सर तासाच्या हिशोबावर येतात, पोट भरायला संध्याकाळी आणखी दोन शाळांत जातात. त्यांची यात काही चूक नाही.

हे सगळं दुसऱ्या कुठल्या शहरात लिहावं लागलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. हे बडोदं आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांना एका हुकमावर, आपल्या भाषेतल्या हुकमांवर, एकत्र व्यायाम करायला शिकवलं. हुतूतूला बांधीव नियम देऊन १९२३ साली त्याचे अखिल भारतीय सामने हिंदविजय जिमखान्यानं घेतले ते इथेच. त्या हुतूतूची कबड्डी झाली आणि ती आपण आता पार्किंगसाठी बंद करतो आहोत, शंभर वर्षांनी. देशी खेळ आणि व्यायामाची सगळी विद्या गोळा करणारा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश करंदीकर-मुजुमदारांनी याच शहरात सिद्ध केला. आपल्या ग्रंथालयात त्याचे काही खंड होते, मी हाताळले आहेत. तेही कुठे गेले ते एकदा पाहा.

आणि कायद्याचं म्हणाल, तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीबरोबर मैदान सांगितलं आहे, प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य सांगितलं आहे. गच्ची म्हणजे मैदान, असा अर्थ त्यातून काढायचा असेल तर तो आपण लेखी काढावा.

खो-खोच्या मैदानाला २७ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी लागते, भोवती थोडी मोकळी जागा. मी पावलांनी मोजलं. तेवढ्या जागेत येण्याजाण्याची वाट सोडून वीसेक गाड्या उभ्या राहतील. वीस गाड्या. त्या सकाळी पंधरा मिनिटं आणि दुपारी पंधरा मिनिटं उभ्या राहतात. उरलेला दिवस तिथे कुत्री झोपतील.

मागणं मोठं नाही. खो-खो आणि कबड्डीचे संघ या वर्षी बंद करू नयेत. इमारत बांधायचीच असेल तर बांधा, मुलांना वर्ग लागतात हे मलाही कळतं, पण तिचा नकाशा पालकांना दाखवा आणि २७ बाय १६ची जागा त्यातून वगळा. गाड्या रस्त्याच्या अलीकडे थांबतील, मुलं पन्नास पावलं चालतील. पूर्ण वेळचा क्रीडाशिक्षक नेमा, आणि शक्य असेल तर ती बाई असावी, म्हणजे नववीतल्या मुलींना पोट दुखतंय हे कोणाला सांगावं हा प्रश्न पडणार नाही. शनिवारच्या कोर्सची फी ज्यांना भरायची त्यांना भरू द्या, तो सक्तीचा करू नका. मैदानाला चार ट्रॅक्टर माती आणि रोजचं पाणी लागेल. जुन्या विद्यार्थिनींपैकी अकरा जणींनी मातीचे पैसे देऊ केले आहेत, यादी माझ्याकडे आहे. आणि आमच्या अर्जांना लेखी उत्तर द्या, नकार असला तरी चालेल.

आणखी एक. प्रवेशाचा नवा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लागला आहे. त्यावर मोठा फोटो खो-खोचाच आहे, खांबाकडे सूर मारणाऱ्या मुलीचा. मुलगी छान आली आहे. फोटोच्या उजव्या कडेला पाण्याची बाटली धरलेलं एक कोपर दिसतं. ते माझ्या मुलीचं. संघ बंदच करायचा असेल तर तो फ्लेक्स उतरवा, नाहीतर नव्या पालकांना खोटं सांगितल्यासारखं होईल.

राहता राहिले खांब. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी मैदानातले दोन्ही लाकडी खांब उपटून भंगाराच्या ढिगावर टाकले होते. शिपाईकाकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी नाइट करून नुकतीच आले होते. मी आणि तीन मुली जाऊन ते घेऊन आलो. रिक्षात आडवे बसेनात, म्हणून मुली ते उभे धरून बसल्या आणि वरचं टोक बाहेर काढून हळूहळू आलो. चोरी म्हणायची तर म्हणा. एका खांबाचा बुंधा थोडा कुजला आहे, तो कापून खाली लोखंडी नळी बसवावी लागेल, सुताराशी बोलून ठेवलं आहे. सध्या दोन्ही आमच्या जिन्याखाली, सायकलीच्या मागे ठेवले आहेत. मुलीनं त्यांच्यावर जुनी चादर घातली आहे.

शाळा उघडायच्या आधी कळवा, म्हणजे खड्डे खणायला माणूस सांगता येईल.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी,
बाराव्या खेळाडूची आई